तोंडाला दुपट्टा, मग डोळे उघडे का? सायकलसाठी स्वस्त आणि योग्य गॉगल

नवतपा लागला की आपल्या जिल्ह्यात रस्त्यावरचा माणूस ओळखू येत नाही. डोक्याला, कानाला, नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. खिशात कांदा असतो. सगळे अंग झाकलेले, उघडे असतात ते फक्त दोन डोळे. आणि ऊन, धूळ, झळा यांचा मारा सहन करण्याची ताकद सर्वांत कमी असलेला अवयव तोच. अशा माणसाला "सायकलवर गॉगल घालत जा" म्हटले की तो हसतो. "डॉक्टरसाहेब, गॉगल म्हणजे पोट्ट्यांचा शौक."

हा लेख त्या हसण्याच्या विरोधात आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत सर्वांत काळा, सर्वांत चमकदार गॉगल उचलून "हा भारी आहे" असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्याही विरोधात आहे. आणि दहा हजार रुपयांच्या खाली चांगला सायकल गॉगल मिळतच नाही, असे पटवून देणाऱ्यांच्याही विरोधात आहे. तिघेही तुमच्या डोळ्यांचे नुकसानच करतात.

सायकलसाठीच्या चष्म्यांबद्दल जे काही लिहिले जाते, ते बहुतेक पहाटे हौसेने पन्नास-शंभर किलोमीटर फिरणाऱ्यांसाठी असते. ती मंडळीही माझे रुग्ण आहेत, त्यांच्यासाठीही पुढे लिहिले आहे. पण आपल्याकडे रोज सायकल चालवतात ते वेगळेच लोक. गावाहून शाळेत जाणाऱ्या मुली, डेअरीवर दूध घेऊन जाणारे, राईस मिलचे कामगार, वरठीच्या कारखान्याकडे जाणारे मजूर, बांधकामावरचे मिस्त्री, पेपर टाकणारी मुले. गॉगलची खरी गरज यांना जास्त आहे, आणि नेमके यांनाच कोणी काही सांगत नाही.

सायकलवर डोळ्यांना धोका कशाचा?

"उन्हाचा" हे उत्तर सगळे देतात. ते खरे आहे, पण पहिला क्रमांक मी उडणाऱ्या वस्तूंना देतो.

वैनगंगेची रेती भरलेला टिप्पर शेजारून जातो तेव्हा काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. धानाच्या चुरणीचे दिवस आले की रस्त्याच्या कडेला पुंजणे, तणस आणि हवेत उडणारे कूस. राईस मिलच्या आसपास कोंडा आणि राख. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी धानावरचे तुडतुडे दिव्याभोवती घोंगावतात आणि सायकलवाल्याच्या डोळ्यात सरळ घुसतात. सायकलचा वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर असला तरी समोरून येणारा कण त्या वेगात आणखी जोराने आपटतो.

साधा कण असेल तर डोळा पाणी काढून तो बाहेर टाकतो. पण धानाचे पान, कूस किंवा तणसाचे टोक डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, ओरखडा काढते तेव्हा त्यासोबत बुरशीही आत जाऊ शकते. फ्युझेरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी माती आणि वनस्पतींवर असतातच. त्यातून होणारा बुरशीचा अल्सर हा भात पिकवणाऱ्या भागांतला ओळखीचा आजार आहे. तो हळूहळू वाढतो, औषधाला दाद उशिरा देतो, आणि बरा झाला तरी बुबुळावर पांढरा डाग ठेवून जाऊ शकतो. तो डाग मधोमध असला तर त्या डोळ्याची दृष्टी गेली म्हणा. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांखालील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण कॉर्नियावरचा डागच निघाले. म्हणजे हा कमावत्या वयातल्या माणसाचा प्रश्न आहे.

दुसरा धोका अतिनील किरणांचा. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी आपल्या भागात अतिनील निर्देशांक ११ च्या आसपास किंवा त्याच्या वर जातो. ११ आणि त्यापुढच्या पातळीला जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत वरच्या, अतितीव्र गटात ठेवले आहे. आभाळ आले म्हणून निश्चिंत होऊ नका. विरळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतो. वर्षानुवर्षे हा मारा बसला की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत येते. त्याला आम्ही टेरिजियम म्हणतो. ते बहुधा नाकाच्या बाजूनेच का वाढते? एक कारण असे की कानाच्या बाजूने तिरपी येणारी किरणे कॉर्नियातून वाकून नेमकी नाकाकडच्या कडेवर एकवटतात. म्हणून फक्त समोरून झाकणारा गॉगल पुरेसा नाही; बाजूही झाकली पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, खरेदीत तो कामी येईल.

मोतीबिंदूचेही तसेच. त्याची मुख्य कारणे वय, मधुमेह, तंबाखू, स्टिरॉइड औषधे ही आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मोतीबिंदूच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंतच्या रुग्णांत अतिनील किरणांचा वाटा असू शकतो. वय आपल्या हातात नाही, हा वाटा आहे.

तिसरा धोका उष्ण वाऱ्याचा. ४४-४५ अंशांच्या झळांमध्ये डोळ्यातले अश्रू भराभर वाळतात. डोळे चुरचुरतात, लाल होतात, मग माणूस धुळीच्या हाताने ते चोळतो. चौथा धोका चकाकीचा. आपला राष्ट्रीय महामार्ग ५३ पूर्व-पश्चिम जातो. सकाळी भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे निघालात की सूर्य थेट डोळ्यात, आणि संध्याकाळी नागपूरच्या दिशेने निघालात तरी डोळ्यातच. समोरचा खड्डा दिसत नाही आणि मागून ट्रक येत असतो.

काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे

अतिनील किरणे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे काच किती काळी आहे यावरून ती अतिनील किरणे किती अडवते हे कळूच शकत नाही. पाण्यासारखी पारदर्शक काचही अतिनील किरणे जवळपास पूर्ण अडवू शकते, आणि कोळशासारखी काळी काच ती आत सोडू शकते. शिवाय काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. काच काळी असून अतिनील किरणे अडवत नसेल, तर आपण दार सताड उघडून बसलो असेच म्हणायचे.

तुम्हाला हवा आहे तो "यूव्ही ४००" हा गुण. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतची, म्हणजे सगळी, अतिनील किरणे अडवणे. पण नुसत्या चिकटवलेल्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. स्टिकर छापायला काहीच लागत नाही.

काळेपणाचे वेगळे माप असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार गॉगलचे ० ते ४ असे पाच गट आहेत. गट ० मध्ये ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, तो जवळपास पारदर्शक. गट २ मध्ये १८ ते ४३ टक्के. गट ३ मध्ये ८ ते १८ टक्के, आपल्या भर उन्हासाठी योग्य. गट ४ मध्ये फक्त ३ ते ८ टक्के. हा बर्फाळ पहाडांसाठी आहे, वाहन चालवताना तो वापरू नये असे मानकच सांगते. आणि बाजारात "सर्वांत भारी" म्हणून जो ठार काळा गॉगल तुमच्या हाती दिला जातो, तो कोणत्या गटाचा आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसते. वेल्डिंगचा काळा चष्मा घालून रस्त्यावर येणारेही मी पाहतो. कृपा करून तसे करू नका. मोतीबिंदूच्या शिबिरात आजोबांना मिळालेला काळा चष्माही ऑपरेशननंतरच्या दिवसांसाठी असतो, नातवाच्या सायकलसाठी नव्हे.

किंमत म्हणजेही संरक्षण नव्हे

पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक मुळातच अतिनील किरणे जवळपास सगळी शोषून घेते. त्यासाठी वेगळा महाग थर लागत नाही. शिवाय ते आदळआपट सहन करते, फुटून तुकडे डोळ्यात जात नाहीत. कारखान्यांतल्या सुरक्षा चष्म्यांसाठी हेच वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात असा पारदर्शक, बाजूने वळलेला चष्मा साधारण शे-दीडशे रुपयांत मिळतो. पंक्चर काढण्याच्या खर्चाशी तुलना करून पाहा.

मग पाच-दहा हजारांत काय मिळते? हलकी फ्रेम, नाकावर न घसरणारी पकड, बदलता येणाऱ्या काचा, स्वच्छ दृश्य, आणि नाव. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याला या गोष्टींचा उपयोग होतो, ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण त्या पैशात जास्त अतिनील संरक्षण मिळते हा समज चुकीचा आहे. सगळे अडवल्यावर आणखी काय अडवणार?

काचांचे प्रकार, सरळ भाषेत

*पॉलिकार्बोनेट.* सायकलसाठी माझी पहिली पसंती. दोष एकच, ओरखडे लवकर पडतात. म्हणून धूळ बसली की कोरड्या दुपट्ट्याने पुसू नका, आधी पाण्याने धुवा.

*साधी काच.* दिसते छान, पण अतिनील किरणांचा "ए" भाग बराचसा आत सोडते आणि पडल्यावर फुटते. सायकलवर काचेचा चष्मा नको.

*सीआर-३९.* नंबरच्या चष्म्यात वापरले जाणारे हलके प्लास्टिक. दृश्य स्वच्छ, पण पॉलिकार्बोनेटइतके मजबूत नाही, आणि पूर्ण अतिनील संरक्षणासाठी त्यावर वेगळी प्रक्रिया लागते.

*पोलराइज्ड.* रस्त्यावरून आणि पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी कमी करते. डोळ्याला आराम मिळतो, पण पोलराइज्ड असणे आणि अतिनील किरणे अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलचा आणि सायकलवरच्या मीटरचा पडदा यातून काळा दिसू शकतो. रस्त्यावर सांडलेल्या पाण्या-तेलाची चमकही लपते, आणि सायकलवाल्याला ती दिसणे गरजेचे असते. आहे तर ठीक, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

*उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काच.* कल्पना उत्तम, पण विक्रेता एक गोष्ट सांगत नाही. ही काच थंडीत जास्त काळी होते आणि गरमीत कमी. मे महिन्यात, जेव्हा आपल्याला तिची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच ती अर्धवट काम करते. आणि उन्हातून सावलीत आल्यावर पुन्हा पारदर्शक व्हायला तिला काही मिनिटे लागतात.

*पिवळी काच.* धुके आणि ढगाळ सकाळी काहींना बरी वाटते, तेवढ्यापुरती वापरा. रात्री समोरच्या गाडीच्या प्रकाशावर उपाय म्हणून ती विकली जाते, तो दावा टिकत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समोरून दिव्यांचा झोत असताना पिवळ्या चष्म्यामुळे रस्त्यावरचा माणूस जास्त चांगला दिसत नाही असेच आढळले.

*रंग.* राखाडी रंगात सगळे रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी रंगात खड्डे आणि खडबडीतपणा जरा उठून दिसतो. गडद निळा, लाल, जांभळा शोभेचा; सिग्नलचे रंग ओळखायला त्रास देणारा. आरशासारखा थर हीसुद्धा मुख्यतः शोभाच.

दुकानात पाच मिनिटे द्या

1. गॉगल हातभर लांब धरा आणि त्यातून दाराची उभी चौकट पाहा. गॉगल हळूच डावी-उजवीकडे हलवा. चौकट लाटेसारखी वाकली तर काच खराब, डोके दुखेल. परत ठेवा.
2. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. दोन्ही काचांचा रंग सारखा हवा.
3. घालून आरशासमोर उभे राहा. बाजूने आणि भुवईजवळ फट किती आहे? बोट सहज जात असेल तर धूळ आणि तिरपे ऊनही जाईल. पण पापण्या काचेला लागू नयेत.
4. दुपट्टा किंवा हेल्मेट घालूनच गॉगल लावून पाहा. मान हलवा. घसरला तर नको.
5. काचेवर किंवा दांडीवर मानकाची खूण शोधा. सुरक्षा चष्म्यावर भारतीय मानक आयएस ५९८३, युरोपचे ईएन १६६ किंवा अमेरिकेचे झेड ८७ यांपैकी काही असते. गॉगलवर गट क्रमांक असतो. बिल मागा.

आणि सर्वांत खात्रीची चाचणी: बऱ्याच चष्म्यांच्या दुकानांत अतिनील किरणे मोजणारे छोटे यंत्र असते. "यावर ठेवून आकडा दाखवा" म्हणा. दुकानदार त्याऐवजी निळा लेझर काढून कागदावर खेळ दाखवू लागला, किंवा लपलेले चित्र असलेले कार्ड पुढे केले, तर समजून घ्या: पहिला खेळ निळ्या प्रकाशाचा, दुसरा पोलराइज्डचा. अतिनील किरणांबद्दल दोन्ही काही सांगत नाहीत.

मग घ्यायचे काय?

एकच घ्यायचा असेल तर पारदर्शक घ्या. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण पारदर्शक पॉलिकार्बोनेट चष्मा धूळ, कूस, किडे, वारा आणि अतिनील किरणे, सगळे अडवतो, आणि तो सकाळ, दुपार, संध्याकाळ, पाऊस, रात्र कधीही घालता येतो. काळा गॉगल तिन्हीसांजेला काढावाच लागतो, आणि तुडतुडे येतात तिन्हीसांजेलाच! चकाकीसाठी त्यासोबत पुढे पट्टी असलेली टोपी घाला. तिने वरून येणारे ऊनही अडते.

थोडे जास्त परवडत असेल तर दुसरा गट ३ चा राखाडी किंवा तपकिरी गॉगल दुपारसाठी ठेवा. खूण असलेला, यंत्रावर मोजलेला, बाजूने वळलेला. त्याला हजारांच्या घरात जाण्याची गरज नाही. सूर्य कलला की तो काढायचा, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्याला संध्याकाळी जास्त प्रकाश लागतो, कमी नव्हे.

नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून बसणारे मोठे सुरक्षा चष्मे मिळतात. किंवा पुढचा नंबर करताना पॉलिकार्बोनेटच्या काचा मागा.

"आमचे आजोबा उन्हातच राबले, त्यांना काय झाले?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतो. माझे उत्तर: आजोबांना काय झाले ते आजीला विचारा. साठीत हात धरून वावरात कोण नेत होते, ते विचारा. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील लोकांच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा होता. आजोबांच्या काळी शे-दीडशेत असा चष्मा मिळत नव्हता. आज मिळतो. त्यांच्या नाइलाजाला आपण परंपरा म्हणू नये.

दुसरा आक्षेप: "लोक हसतील." तोंडाला मास्क लावला तेव्हाही हसले होते. आज चुरणीच्या दिवसांत बरेच जण स्वतःहून मास्क लावतात.

डोळ्यात काही गेलेच तर

चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, पापण्यांची उघडझाप करा. मध, दूध, एरंडीचे तेल, झाडपाल्याचा रस घालू नका. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कोणाकडून काढून घेऊ नका. आणि मेडिकल स्टोअरमधून "लाली घालवणारा" ड्रॉप स्वतःहून आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. दुखणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे किंवा धूसर दिसणे दुसऱ्या दिवशीही राहिले, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नेत्रविभाग आहे. "धानाचे कूस गेले होते" हे आवर्जून सांगा, त्यावरून उपचाराची दिशा ठरते.

शेवटचे, पण ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यासाठी

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. चांगलीच योजना आहे, तिच्यामुळे मुलींची शाळा सुटायची वाचते. माझे म्हणणे एवढेच की सायकल देताना तिच्यासोबत शे-दीडशे रुपयांचा पारदर्शक चष्मा दिला तर सायकलच्या किमतीत तो दिसणारही नाही. सरकारी आदेशाची वाटही पाहायला नको. शाळा समिती, ग्रामपंचायत, दूध संस्था, राईस मिलचा मालक, सायकल क्लबची मंडळी, यांतले कोणीही हे उद्या करू शकते. दिवाळी बोनसमध्ये मिठाईच्या डब्यासोबत एक चष्मा ठेवा. क्लबवाल्यांनी टी-शर्टऐवजी चष्मे वाटावेत.

आणि तुम्ही, जे हे वाचत आहात: तुमच्या घरातून रोज सायकलवर कोण जाते ते आठवा. येत्या बाजाराच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जा, वर सांगितलेल्या पाच गोष्टी पाहा आणि एक चष्मा घेऊन या. तो सायकलच्या हँडलला अडकवून ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

टायर फाटला तर नवा मिळतो, कॉर्नियावर डाग पडला तर नागपूरच्या वाऱ्या सुरू होतात. खर्च कुठे करायचा ते तुम्हीच ठरवा.